उपासाला न चालणारी कॅप्सूल

चौथ्या फटक्याला गजाचाच खांदा गेला. काठी टाकून तो मटकन खाली बसला.

"लागलं का रं?" खांबाला बांधलेल्या विठूने विचारलं. त्याचे पुढचे दोन दात कालच पडले होते.

खालापूरजवळच्या बंद पोल्ट्रीत विठूला डांबलं त्याला आता नवरात्राची तिसरी माळ. जमिनीच्या कागदावर सही केली तर सुटका, नाहीतर दसऱ्याला विहीर. सहीचा उजवा हात शाबूत आणि मोकळा ठेवायचा, बाकीचा म्हातारा तुझा, असं शेठने गजाला सांगितलं होतं.

गजाचे नऊ दिवस कडक उपास. नुसतं लिंबूपाणी. पायात चप्पल नाही. लाथासुद्धा अनवाणीच घालायचा.

भिसेगावच्या डॉक्टरने त्याच्या जुन्या खांदेदुखीसाठी गोळ्या दिल्या होत्या, सोबत पोटासाठी कॅप्सूलचं पाकीट.

"कॅप्सूल जेवायच्या आधी, गोळी जेवल्यावर," गजा वैतागला. "आन् जेवू कदी? दसऱ्याला?"

"गोळी घे तू. दुखणं अंगावर काढू नको," विठू म्हणाला. "पर ती कॅप्सूल? तिचं कवच जनावराच्या हाडाचं असतंय, बाबा. घरी घट बसलेत ना तुज्या?"

गजाने कानाला हात लावला. पाकीट कोपऱ्यात भिरकावलं.

"बरं झालं सांगितलंस, काका," तो म्हणाला आणि विठूच्या बरगडीत लाथ घातली.

मग रोज तेच. गजा मारायचा, खांदा ठणकायचा, विठू गोळीची आठवण करून द्यायचा. दिवसाला एका गोळीच्या चार झाल्या. विठूला मात्र वडापाव मिळायचा. सही करणारा उपाशी मरून चालणार नव्हतं.

सहाव्या माळेला विठूची डावी करंगळी मोडली. सातव्या माळेला गजाच्या पोटात आग पडली.

"उपासाचं पित्त हाय," विठू म्हणाला. "देवी परीक्षा बघतेय. सोडू नको."

आठव्या माळेला गजाने कोयता आणला. उगारला, आणि तसाच वाकला. आधी काळं ओकला, मग लाल. लाल बराच वेळ. मग आडवा झाला तो हललाच नाही.

विठूने उजव्या हाताने दोर सोडवला. कोपऱ्यातलं पाकीट शोधून एक कॅप्सूल गिळली. गजाशेजारी अर्धा तास बसून राहिला. मग वडापाव खाल्ला. मग गजाच्या खिशातली एक गोळी घेतली; बरगड्या फार ठणकत होत्या.

मागच्या भातलावणीला कंबरेच्या गोळ्या नुसत्या चहावर घेऊन तो स्वतः असाच ओकला होता. तेव्हापासून तो डॉक्टरचा शब्द मोडत नसे.