मंगळवारची कुपी

"फुरशाची लस आली काय, मॅडम?"

श्रद्धाने कॉम्प्युटरवरून नजर न काढताच हात पुढे केला. मंगळवार, सकाळचे पावणेअकरा, म्हणजे खिडकीपाशी आत्माराम असणार. नाटे गावाच्या पुढे किनाऱ्याला खारवली नावाचं गाव आहे, तिथल्या आरोग्य केंद्रासाठी सर्पदंशावरच्या लसीचं मागणीपत्र घेऊन ते पहिल्या एसटीने रत्नागिरीला येत. साठीच्या आसपासचे, धुऊन धुऊन विटलेला पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी.

"आत्माराम, किती वेळा सांगू? आता मागणी ऑनलाइन येते. महिन्याला गाडी येते तुमच्याकडे. तुम्ही यायची गरज नाही."

"गाडी येईल तेव्हा येईल. मी आज नेतो."

"इथे भांडारात असेल तर गाडीनेही मिळेलच की."

"इथे असून काय उपयोग, मॅडम?" ते शांतपणे म्हणाले. "फुरसं तिकडे चावतं."

श्रद्धाला रागही आला आणि हसूही. या औषध भांडारात ती सहा महिन्यांपूर्वी रुजू झाली होती. शहराची फेरी मारायला मिळते म्हणून हा माणूस येतो, असं तिला सुरुवातीला वाटलं होतं. पण आत्माराम बाजारात फिरकत नसत. चष्मा लावून प्रत्येक कुपीवरची तारीख वाचत, मुदत जवळ आलेली बाजूला काढत, मग बाकावर बसून डबा खात आणि दुपारच्या एसटीने परत.

"तुम्हाला रजा कधी मिळते हो?" तिने एकदा विचारलं.

"मला कोण रजा देणार?" ते हसून म्हणाले.

ऑक्टोबरात भातकापणी सुरू झाली आणि भांडाराची गाडी नेमकी तेव्हाच गॅरेजला गेली. नऊ दिवस ती तिथेच होती. फोनमागून फोन. एका केंद्रात कुप्या संपल्या, दुसऱ्यात दोनच उरल्या. श्रद्धाने रिक्षाने, कुणाच्या तरी मोटरसायकलने, जमेल तशी खोकी पाठवली. आठव्या दिवशी खारवलीहून डॉक्टर ऋत्विक यांचा फोन आला.

"फुरसं चावलंय. चिमा नावाची बाई, बांधावर गवत कापत होती."

"लस?"

"आहे ना. मंगळवारीच आलीय. दिली, आता धोका नाही. फक्त नोंदीसाठी कळवतोय."

श्रद्धाने फोन ठेवला. मग तिने जुने आकडे उघडले. एकतीस केंद्रं. चार वर्षांत प्रत्येकाची लस कधी ना कधी संपली होती. खारवलीची एकदाही नाही. पुढच्या बैठकीत वरिष्ठांनी ते पाहिलं आणि विचारलं, "हे केंद्र वेगळं काय करतं? जाऊन बघा. तीच पद्धत सगळीकडे लावू."

त्या शुक्रवारी ती खारवलीला गेली. चिमा खाटेवर बसून पेज पीत होती. पाय अजून सुजलेला होता.

"दुखतंय का?"

"ठणकतो जरा. पण कापणी राहिली ना, मॅडम. घोव मुंबईला, सासू एकटी." मग तिने व्हरांड्याकडे बोट केलं. आत्माराम तिथे वाकून रिकामी खोकी बांधत होते. "रोज येऊन विचारून जातात. बरं वाटतं."

श्रद्धाने केंद्र पाहिलं. दोन खोल्या, एक फ्रिज, भिंतीवर हाताने आखलेला तक्ता. पद्धत म्हणावी असं वेगळं काहीच नव्हतं. कॉम्प्युटरही तोच, गाडीही तीच.

ती डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसली.

"डॉक्टर, मला कळलं. तुमची पद्धत म्हणजे हा एक माणूस. उत्कृष्ट कर्मचारी म्हणून मी त्यांचं नाव पाठवणार आहे. हुद्दा काय लिहू? शिपाई की परिचर? त्यांचं सेवापुस्तक जरा दाखवा."

ऋत्विक उठले. त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.

"सेवापुस्तक नाहीये, मॅडम."

"हरवलं?"

"ते आमचे कर्मचारी नाहीत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या नातीला, सानवीला, फुरसं चावलं. कुप्या रत्नागिरीत होत्या, इथे एकही नव्हती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, भांडायला आलेत. तर म्हणाले, 'मागणीपत्र लिहून द्या, मी घेऊन येतो.'"