डाव्या पिळाचं कापड

“धागा डाव्या पिळाचा हवा, मावशी. सगळाच्या सगळा,” एल्विराबाई म्हणाल्या.

दामियानाचे हात मागावरच थांबले. अंगणात मक्याची कणसं सोलत बसलेल्या तिच्या नणंदेनं, सिमोनानं, मान वर केली.

एल्विराबाई सुक्रे शहरातून यायच्या. बारा वर्षं त्या वायरापाता गावात घरोघर फिरून विणकाम विकत घेत होत्या. कापडावरचं हरीण बघून ते कुणाच्या हातचं, हे त्या सांगायच्या. त्यांना हे ठाऊक नसणं शक्यच नव्हतं, की रोजचा धागा उजवीकडे पिळतात आणि डावीकडे पिळलेला फक्त मेलेल्या माणसाच्या अंगावर चढतो.

“कोण गेलं, बाई?” दामियानानं विचारलं.

“अजून कुणी नाही.”

“मग कुणाच्या नावानं विणू? नाव घेतल्याशिवाय पहिला धागा लावत नाही आम्ही.”

एल्विराबाई अडखळल्या. “रुफिनो,” त्या म्हणाल्या. “माझा नवरा.”

“आजारी आहेत?”

“छे, बैलासारखा धडधाकट आहे.” काम ठरल्याची खूण म्हणून त्यांनी कोकाच्या पानांची पुडी दामियानाच्या मांडीवर ठेवली. “मृतांच्या सणाआधीच्या रविवारी न्यायला येईन. आणि हे आपल्यातच राहू द्या.”

त्या गेल्यावर सिमोना म्हणाली, “वहिनी, ही बाई नवऱ्याला घालवणार.”

“गप गं.”

“गप काय? जित्या माणसाचं मयताचं कापड सांगून गेली. वारसुद्धा देऊन गेली.”

दामियानाला काम परत करावंसं वाटलं. पण मग बाई दुसऱ्या गावात जाईल आणि त्या माणसाला सावध करणारं कुणीच उरणार नाही, असा विचार करून तिनं धागा पिळायला घेतला.

महिन्याभरानं ताराबुकोच्या बाजारात एल्विराबाईंसोबत गाडीतून उतरलेला रुफिनो तिला दिसला. एल्विराबाई लांब एका दुकानात कमरपट्टे निवडत होत्या. तो गाडीला टेकून मक्याची दारू पीत होता. उंच, शांत माणूस.

दामियाना त्याच्याजवळ गेली. “भाऊ, घरात जपून असा. तुमच्या नावाचं कापड विणायला दिलंय. मयताचं.”

“कुणी?”

तिनं हनुवटीनं बाजारापलीकडे खूण केली.

 रुफिनोनं वाडगा संपवला, ओठ पुसले. “विणत राहा, मावशी. तिला मात्र कळू देऊ नका.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. घरी परतताना तेच तिला खुपत राहिलं.

सणाच्या आधीच्या गुरुवारी एल्विराबाई न सांगता आल्या. मागावरचं कापड बघून त्यांचे डोळे भरले. “असं विणणाऱ्या तुम्ही शेवटच्या, मावशी. तुमच्यामागे हे लोकांनी बघायचं कुठे? म्हणून संग्रहालयात ठेवायला हवं होतं मला.”

“संग्रहालयात?” सिमोना म्हणाली. “मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“मेलेलं कुणी नसताना विणलं असतंत? तुम्ही नाव मागितलंत आणि तोंडात नवऱ्याचंच आलं. मागून माझी मलाच लाज वाटली.”

सिमोना हसत सुटली. “आणि आम्हाला वाटलं...”

दामियानानं तिच्या पायावर पाय दिला. “आजारी असतील, असं वाटलं.”

“आजारी नाही, पण काहीतरी बिनसलंय.” एल्विराबाई कापडावरून हात फिरवत राहिल्या. “महिनाभर माझ्या हातचं जेवत नाही. बोलत नाही. नुसता माझ्याकडे बघत बसतो. रविवारी त्याला घेऊनच येते. डोंगरावरची हवा लागली की बरं वाटेल त्याला.”

सगळं दामियानाच्या ओठांवर आलं होतं. पण बारा वर्षं दारी येणाऱ्या बाईला तिच्या तोंडावर काय सांगायचं? तुम्ही नवऱ्याला माराल असं आम्हाला वाटलं? जीभ वळली नाही. रविवारी त्यालाच बाजूला घेऊन सांगू, पाया पडू, असं तिनं ठरवलं. तीन दिवसांचा तर प्रश्न होता.

रविवारी तिनं कापड मागावरून उतरवलं. पाहुण्यांसाठी शेंगदाण्याचा रस्सा चुलीवर ठेवला. दुपारी गाडी आली. रुफिनो एकटाच उतरला. गुळगुळीत दाढी केलेली, धुतलेला सदरा.

दामियाना धावतच पुढे गेली. “भाऊ, आधी माझं ऐका. माझी चूक झाली. ते कापड तुमच्यासाठी नव्हतंच. संग्रहालयासाठी होतं. बाईंनीच सांगितलं, इथे उभं राहून. तुमचं नाव आपलं तोंडात आलं म्हणून घेतलं त्यांनी.”

रुफिनो ऐकत होता. गाडीच्या दारावरचा त्याचा हात खाली आला. 

“बाई कुठे आहेत?” दामियानानं विचारलं.

त्यानं तिच्या हातातलं कापड घेतलं, उलगडलं, स्वतःच्या खांद्यापासून खाली सोडून पाहिलं.

“थोडं दुमडावं लागेल,” तो म्हणाला. “ती माझ्याहून वीतभर ठेंगणी होती.”