पुसू नका

शाळेची साफसफाई करणाऱ्या व्हर्नाने फवारा मारला, फडकं भिंतीला लावलं, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "पुसू नका!"

दारात सातवीतली ओडेट उभी होती. पायांत बर्फाचे बूट तसेच. तसल्या बुटांनी आत आलेल्या पोराला व्हर्ना कधी सोडत नसे, पण आज तिचं बुटांकडे लक्षच नव्हतं. मुलींच्या बाथरूमच्या भिंतीवर जाड मार्करने लिहिलेलं होतं : 'डुकरीण ओडेट आली, नाक दाबा.'

ओडेटची आई गावाबाहेरच्या डुकरांच्या फार्मवर कामाला होती. निम्मं गाव त्याच फार्मवर जगत होतं, पण भिंतीवर नाव यायचं ते ओडेटचंच.

"अगं, तुला दिसायच्या आत पुसावं म्हणून तर मी रोज घंटेच्या आधी येते," व्हर्ना म्हणाली. "सप्टेंबरपासून पुसतेय."

ओडेटचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही पुसत होतात? परवा दुपारीही मी इथे असंच लिहिलेलं वाचलं. काल सकाळी हेडसरांना इथे घेऊन आले, तर भिंत चकचकीत! सर म्हणाले, 'कुठे काय आहे?' बाहेर ते लिहिणारी माझ्या वर्गातली ब्रूक आणि तिची टोळी खिदळत होती. आता वर्गात सगळे मला खोटारडी म्हणतात. सोमवारपासून मी येणारच नाही शाळेत."

व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस आपण या लेकराला जपतोय असं तिला वाटत होतं, आणि तिने जपलं होतं ते ब्रूकला. तिने फडकं बादलीच्या कडेवर टाकलं. 'साफसफाई चालू' ही पिवळी पाटी दारात आडवी लावली आणि कमरेचा वॉकीटॉकी काढून हेडसरांना हाक दिली.

"फ्रीसन सर, मुलींच्या बाथरूममध्ये या."

"काय, तुंबलं का?"

"हो. सप्टेंबरपासून तुंबलंय."

फ्रीसन सर कॉफीचा कप घेऊनच आले. भिंत वाचली आणि त्यांचे कान लाल झाले.

"व्हर्ना, आधी पुसून टाका हे. घंटा व्हायची वेळ झाली, पोरी येतील."

"नाही, सर." व्हर्नाने दुसरी बादली पालथी घातली आणि भिंतीसमोर तिच्यावर ठाण मांडलं. "पुसपुसूनच इथवर आलंय. या पोरीकडून सगळं लिहून घ्या, भिंतीचा फोटो काढा, हिच्या आणि ब्रूकच्या, दोन्ही घरी फोन करा. मला घरी पाठवायचं तर खुशाल पाठवा, पण आज मी पुसणार नाही."

सरांनी कप बेसिनवर ठेवला, खिशातून फोन काढला आणि भिंतीचे तीन फोटो घेतले.

"पोरी, काल मी तुझं ऐकायला हवं होतं," ते ओडेटला म्हणाले. "आता तुझ्या आईला बोलावतो."

ओडेटने ओठ घट्ट दाबले. आईला तिने आजवर एक अक्षर सांगितलं नव्हतं. बाहेर घंटा झाली. जिन्यावर पोरींचे पाय वाजू लागले.

"फोटो झाले, आता तरी पुसू ना गं?" व्हर्नाने हळूच विचारलं.

ओडेटने बादलीवरचं फडकं उचललं, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवलं.

"आधी आईला वाचू दे," ती म्हणाली. "मग मी पुसेन."