आवळ्याएवढं लेह्य

नीलकंठ वैद्यरांनी बाळंतिणीची नाडी सोडली आणि तिच्या आईची धरली. मग पुन्हा बाळंतिणीची. मग चष्मा काढून उपरण्याला पुसला. चूक जशी काही चष्म्याचीच!

"असं कसं होईल?" ते स्वतःशीच पुटपुटले.

व्हायला नकोच होतं. लेह्य चालू होतं बिंदुजाला. बाळंतपणात रक्त फार गेलं, म्हणून अंगात ताकद भरायला वैद्यरांनी स्वतः घोटून दिलेलं, गूळ-तुपातलं, काळंभोर चाटण. पण पोरगी अजून पांढरीफटक, उठून बसली तरी घेरी यायची. आणि लेह्य जास्त झाल्याच्या सगळ्या खुणा तिच्या आईच्या, कार्त्यायनीअम्माच्या अंगावर. तळव्यांची आग, घशाला कोरड, छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. औषध एकीला आणि बाधा दुसरीला! उभ्या वैद्यकीत असा प्रकार त्यांनी पाहिला नव्हता.

"माझं राहू द्या हो," कार्त्यायनीअम्मा म्हणाली. "हिचं बघा. आधी आवळ्याएवढं द्या म्हणालात, दिलं. मग दोन्ही वेळा द्या म्हणालात. मग लिंबाएवढं. डबा तळाला गेला, पोर आहे तिथंच. आणखी वाढवा."

"वाढवा काय वाढवा! लेह्य आहे ते, वाटीभर प्यायचं पायसम नव्हे. मात्रा चुकली की औषधच उलटतं."

वैद्यर ओरडले खरे, पण मनातून हबकलेच होते. मात्रा त्यांनीच वाढवली होती, आणि ती कुठं जिरत होती ते त्यांनाच कळत नव्हतं.

कार्त्यायनीअम्मानं हात झटकला. लेक बाळंतपणाला आली तेव्हापासून या बाईनं नेसूचा जो मुंडू कमरेला खोचला होता, तो सोडलाच नव्हता. पाल्याचं पाणी उकळायचं, लेकीला तेल चोळायचं, तान्हीला न्हाऊ घालायचं, कांजी, धुणी, पुन्हा पाणी. जावई मस्कतला. नवरा कधीच गेलेला, आणि जाण्याआधी त्याचीही छाती अशीच धडधडायला लागली होती. तिला भीती होती ती हीच. आपण आडवं झालो तर या दोन जिवांना बघणार कोण? पण हे बोलते तर ती कार्त्यायनीअम्मा कसली! बिंदुजानं पाय खाली टेकवला की ही अंगावर यायची. "बाळंतीण आहेस. राणीसारखी पडून राहा. उठलीस तर याद राख!"

"पोरी," वैद्यर खाटेकडे वळले, "लेह्य घेतेस ना नीट?"

"घेते की," उत्तर आईनंच दिलं. "दोन्ही वेळा मी समोर असते. माझी सुंठीची कॉफी घेऊन इथंच टेकते. तान्ही रडली तर उचलायला वळते, तेवढंच. परत बघावं तर वाटी चाटूनपुसून साफ. खाण्यात काही कसूर नाही तिची."

बिंदुजा बाळाचं दुपटं सारखं करत राहिली.

"आणि तुमचं काय? खाणंपिणं?"

"आता विचारताच आहात तर ऐका. माझी जीभसुद्धा गेली, वैद्यर. डॉक्टरनं साखरेची गोळी सुरू केल्यापासून गुळाचा खडा म्हणून शिवले नाही मी. कॉफी पिते ती काळी, कडूजहर. हल्ली तीच गोड लागते. गोड! जायची वेळ आली की असंच होतं म्हणतात. तेवढं हिच्या नवऱ्याला लवकर बोलवून घ्या."

बोलता बोलता तिचा आवाज कापला. पहिल्यांदाच.

वैद्यर मात्र तिच्याकडे बघतच नव्हते. खिडकीत सकाळचा कॉफीचा पेला तसाच पडला होता. त्यांनी तो उचलला, तळाशी बोट फिरवलं. बोटाला काळा, चिकट गाळ आला. त्यांनी तो जिभेला लावला आणि डोळे मिटून घेतले. आपलं घोटणं त्यांना ओळखू येणार नाही तर कुणाला?

"पोरी," ते सावकाश म्हणाले, "साखरेचं दुखणं असलेल्या बाईला हे पाजत होतीस? वरून मी वाढवत गेलो! आणखी काही दिवस असं चाललं असतं, तर तुझी अम्मा हाती लागली नसती."

बिंदुजाचं तोंडच उतरलं. "मला वाटलं, झाडपाल्याचं औषध, ते काय बाधणार? दारात उभ्या उभ्या झोपायची ती, वैद्यर. यानं ताकद येते असं तुम्हीच म्हणाला होतात. ती जास्त थकायला लागली, म्हणून मी जास्त घालत गेले."

"अगं वेडी की खुळी तू?" कार्त्यायनीअम्मा कडाडली. तिच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होतं. "तुझं औषध होतं ते! कुणी सांगितलं होतं तुला मला द्यायला?"

"या घरात तू मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीस, अम्मा," बिंदुजा म्हणाली. "तुला द्यायला माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?"