पहिली घसरण

कचराडेपोच्या तळाशी अंथरायचं जाड प्लॅस्टिक तपासणीच्या पेटीतल्या ओल्या चिकणमातीवर दाबून बसवलं होतं आणि यंत्र त्याला आडवं रेटत होतं. रेटता रेटता कर्रकन आवाज झाला नि प्लॅस्टिक घसरलं.

"एकदाच घसरलं ना, साहेब? घ्या सांभाळून," ठेकेदार लाडीगोडीने म्हणाला.

"एकदा सुटलेली पकड पुन्हा पहिल्यासारखी धरत नाही, शेठ. कचऱ्याचा अख्खा डोंगर माणसांच्या अंगावर येईल!" तपासनिसाने माल तिथल्या तिथे नापास केला.

घरी आला तर उंबऱ्यात लेक बसलेली. ओठ फाटलेला, डोळा सुजून मिटलेला, नवऱ्याने मुठीने केस उपटले तिथे रक्त साकळलेलं.

"बाबा, मी परत नाही जाणार."

त्याने तिच्याच ओढणीने हलक्या हाताने रक्त टिपलं आणि तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली.



"एकदाच ना, बाळा? घे सांभाळून."