मंगळवारची दुपार

"बाईचं प्रकरण असेल तर आत्ताच सांग," वकील म्हणाले. "तिचं नाव कोर्टात येऊ देणार नाही मी."

तुरुंगातल्या जाळीपलीकडे बसलेला मुका खाली बघत राहिला. त्याचं खरं नाव आरोपपत्रात होतं. टोळीत मात्र सगळे त्याला मुकाच म्हणत, कारण टोळीप्रमुख दादांची गाडी चालवणारा हा माणूस दिवसाकाठी दहा शब्द बोलला तरी खूप झालं. आता त्याच्यावर एका ठेकेदाराच्या खुनाचा आरोप होता. खून मंगळवारी दुपारी चारला झाला होता आणि मंगळवार हा मुक्याच्या सुटीचा दिवस. चारला तू कुठे होतास, एवढं विचारलं की त्याची दातखीळ बसायची.

"घरी झोपलो होतो."

"बायको म्हणते, नव्हतास."

"मग नसेन."

वकिलांनी कपाळाला हात लावला. तीस वर्षं फौजदारी खटले चालवले, पण आपणहून फासात मान घालायला इतका उतावीळ झालेला अशील त्यांनी पाहिला नव्हता. मुक्याला पळताना पाहिलं असं सांगणारा एक साक्षीदार पोलिसांकडे होता. तो खोटा ठरला नाही, तर मुका जन्माचा आत जाणार हे उघड होतं.

खटल्याची सगळी धावपळ गुरुजी करत होते. गुरुजी म्हणजे दादांचा उजवा हात, पण बोलणं असं की पोरांना पाढे शिकवत असावेत. दर शनिवारी ते वकिलांच्या ऑफिसात येत, खुर्चीच्या कडेवर बसत आणि एकच प्रश्न विचारत, "बोलला का काही?"

"नाही."

"दादांचा जीव अडकलाय त्याच्यात. तो कुठे होता तेवढं काढा साहेब, मग पुढचं आपोआप होईल."

मुक्याची बायकोही येई. ती फारसं बोलत नसे. जाताना फक्त म्हणे, "भाऊ, मला ते घरी हवेत." वकिलांना त्या बाईची फार दया येई.

वकिलांचा एक नियम होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. कोर्टात लागेल तेवढंच विचारायचं. जास्त माहिती म्हणजे नसती डोकेदुखी.

एके दिवशी मुक्याकडून जप्त झालेल्या वस्तूंची यादी चाळताना त्यांची नजर एका ओळीवर थांबली. 'निळी प्लॅस्टिकची पिशवी, लहान, एक.' त्यांनी ती मागवून बघितली. पिशवीच्या तोंडाला इलॅस्टिक होतं. पोलिसांनी तिला पिशवी म्हटलं होतं खरं, पण ते चपलेवर चढवायचं कव्हर होतं. आईच्या शेवटच्या दुखण्यात वकिलांनी सहा महिने रुग्णालयात रोज तसलंच कव्हर घातलं होतं, त्यामुळे त्यांना ते बघताक्षणी कळलं.

पहिल्या दोन रुग्णालयांत काही हाती लागलं नाही. तिसऱ्यात, डायलिसिसच्या विभागात, भेटायला येणाऱ्यांच्या वहीत मुक्याची वेडीवाकडी सही सापडली. दर मंगळवारी, तीन ते सात. नर्सने फोटो बघताच मान डोलावली. "हा ना? सहा नंबरच्या पेशंटजवळ बसायचा. त्या दिवशीही होता. मशीन बिघडलं होतं, म्हणून लक्षात आहे."

पेशंट कोण, हे वकिलांनी विचारलं नाही. असेल कुणाचीतरी बायको.

मुक्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ती साक्ष नको साहेब. पाया पडतो. जन्मठेप चालेल मला."

"तुला चालेल. तुझ्या बायकोला चालेल का?"

यावर मुका काही बोलला नाही. वकिलांनी ती संमती समजली.

नर्सची साक्ष सुरेख झाली. वही आली, सही जुळली, वेळ जुळली. सरकारी वकील चांगलेच चिडले आणि उलटतपासणीत एक प्रश्न जास्तीचा विचारून बसले. "या गुंडाचं तिथे काय काम? कोण होता तो पेशंट?"

"पोलिसातले मोठे साहेब होते ते," नर्स म्हणाली. "याला अटक झाली आणि आठवड्याभरात वारले. त्यांना बरं वाटत असलं की दोघं हळू आवाजात बोलत बसायचे."

कोर्टात हशा पिकला. खुनाच्या वेळी आरोपी पोलीस अधिकाऱ्याच्या उशाशी! न्यायाधीशांनीही रुमालाआड हसू लपवलं. सरकारी वकील खाली बसले. आपल्या वकिलांना क्षणभर काहीतरी खटकलं, पण जिंकत आलेल्या माणसाला खटकलेलं फार वेळ आठवत नाही. पिंजऱ्यात मुक्याने डोळे मिटून घेतले. शेवटच्या बाकावरचे गुरुजी उठले, न्यायासनाकडे बघून अदबीने वाकले आणि बाहेर गेले. दादांना आनंदाची बातमी द्यायला गेले असणार, असं वकिलांना वाटलं.

आठ दिवसांनी निकाल लागला. निर्दोष.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील मुक्याच्या बायकोला घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी गेले. तिच्या हातात नवा, घडीचा शर्ट होता. फाटकाबाहेर गुरुजी एकटेच उभे होते.

"उशीर केलात," ते म्हणाले. "नऊलाच सोडलं त्याला. दादांनी गाडी पाठवली होती."

"घरी नेलं ना त्यांना?" बायकोने विचारलं.

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी वकिलांपुढे दोन्ही हात जोडले.

"फार उपकार झाले साहेब. पळताना पाहणारा साक्षीदार आम्हीच उभा केला होता, आणि तुम्हालाही आम्हीच नेमलं. ठेकेदाराला कुणी मारलं ते दादांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आमच्यातली बातमी पोलिसांकडे फुटते, हेही ठाऊक होतं. मुका दर मंगळवारी जातो कुठे, तेवढंच कळत नव्हतं."