बांबू खाणारं अस्वल

"असलं अस्वल नसतंय," कोंडाजी म्हणाला आणि निघोज्याची चावडी खो-खो हसली.

शेतकीच्या साहेबांना हसू आलं नाही. पुण्याहून चाकणपर्यंत एस्टी, पुढं पायपीट, आणि बगलेत दोन चित्रं. एकात डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखं काळंपांढरं चिनी अस्वल, तीन मण वजनाचं. दुसऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी करडी पाकोळी.

"हा पांडा," साहेब म्हणाले. "बांबूवरच जगतो. तशी हिची अळी बटाट्यावर जगते. पांडा तुमच्या रानात शिरला तर अख्खा गाव काठ्या घेऊन धावेल. ही तुमच्या अरणात कधीच शिरलीय आणि तुम्ही चिलीम ओढत बसलाय. आजच अरणं उपसा. भोकाचे बटाटे वेगळे काढा."

कोंडाजीचे डोळे बारीक झाले. अस्वल मध खातं, वाळवी खातं. ते बांबू खातं म्हणणारा माणूस पाकोळीचं तरी खरं कशावरून सांगत असेल? लढाईच्या साली असाच एक टोपीवाला 'नुसत्या कणग्या बघायला' आला होता. जाताना जोंधळा घेऊन गेला.

कोंडाजीचं अरण घरामागं आंब्याखाली होतं. उथळ खड्ड्यात बटाट्यांचा ढीग, वर उसाचं पाचट. आषाढात लावायचं सगळं बेणं त्यातच. ते गेलं तर वर्ष गेलं. म्हणून गावानं आपापली अरणं उपसली तेव्हा हा पठ्ठ्या काठी घेऊन आपल्या अरणापाशी राखणीला बसला.

शेजारचा मुरारी सांगून गेला, "माजं पोतंभर गेलं राव. निस्ती भोकं."

यालाबी साहेबानं फितवलं, कोंडाजी मनाशी म्हणाला.

सकाळी त्याची बायको मंजुळाबाई भाकरी थापता थापता बोलली, "साहेबाचा सांगावा आलाय. आपल्या अरणाला कुनी हात लावायचा न्हाई."

"आपल्याच?"

"आपल्याच. म्हनले, मी येईस्तोवर झाकूनच ऱ्हाऊ द्या."

दुपारच्या आत कोंडाजीनं अरण तळापर्यंत उपसलं. पाचट उचललं तशा करड्या पाकोळ्या भुर्रकन उडाल्या. चौथाई बटाटे पोखरलेले, हात लावला की पचकन फुटणारे. बाकीचं बेणं अजून टणक होतं. अजून आठ दिवस झाकलेलं राहिलं असतं तर तेही गेलं असतं. त्यानं ते निवडून घरात नेलं आणि तणतणत चावडी गाठली. बेणं कुजवायला झाकून ठेवा म्हणता काय, साहेबाला जाबच विचारायचा होता.

चावडीत मुरारी एकटाच तंबाखू मळत होता.

"साहेब? ते कालच गेले की पुण्याला. चारच्या एस्टीनं."

कोंडाजी सावकाश घरी आला. मंजुळाबाई चुलीपुढं होती.

"सांगावा कुनी आनला व्हता?"

"कुनीबी न्हाई," ती मागं न बघता म्हणाली. "आन आता जेवायला येऊ नका."

कोंडाजीनं तिच्याकडं संशयानं पाहिलं, आणि मुकाट पाटावर जाऊन बसला.